शांतवनची घंटा

एका गावात ख्रिस्ती मंडळींचं एक छोटं देऊळ होतं, आणि त्याची घंटा वाजवायला शांतवन नावाचा म्हातारा होता. घंटा गोड, म्हातारा तिखट. एका रविवारी उपासनेत त्याची लेक तबीथा गाताना सूर चुकली, तर यानं भर मंडळींत तिला खाली बसवलं. ती उठून गेली ती गेलीच. ओढ्यापलीकडे तिचं सासर. तीन वर्षं ती ना देवळात आली, ना बापाच्या दारात. नातू झाला, तोही म्हाताऱ्यानं पाहिला नव्हता. रोज घंटा वाजवताना तो ओढ्याकडे बघायचा आणि डोळे पुसायचा. पण चुकलं म्हणायला जाईल तर शपथ!

एकदा बाजारात त्याला एक जादूगार भेटला. त्यानं तेलाची कुपी दिली. म्हणाला, "घंटेच्या लोलकाला लाव. ऐकेल तो येईल. यायचं नसलं तरी येईल."

ते शेवटचं वाक्य म्हाताऱ्याला फार आवडलं. तिथंच तो फसला.

रविवारी घंटा वाजली आणि अख्खं गाव लोटलं. कुणाचे हात पिठाचे, कुणाची अर्धीच दाढी झालेली. चुलीवरचं दूध उतू जात होतं, पण मागं वळायची सोय नव्हती. तबीथाही आली आणि पहिल्या बाकावर बसली.

शांतवन हरखून तिच्याजवळ गेला. "आलीस, बाळ?"

"पाय आले, बाबा. मी नाही आले," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लेकरू पाळण्यात एकटं रडतंय. मला उठताच येत नाहीये."

म्हातारा धडपडत घंटेपाशी वर चढला आणि उपरण्यानं लोलक घासघासून पुसला. शेवटचा थेंब पुसला तशी माणसं मोकळी झाली. तबीथा धावत सुटली. तिनं बापाकडे पाहिलंही नाही. शांतवननं उरलेल्या तेलाची कुपी तिथंच फोडली.

पुढच्या रविवारी तो घंटेकडे फिरकला नाही. तो ओढा ओलांडून गेला. दहा मिनिटांची वाट, आणि या गृहस्थाला तीन वर्षं लागली! त्यानं दारावर थाप मारली.

"तबीथा, माझं चुकलं. आत येऊ का? नको म्हणालीस तर इथूनच परत जातो."

म्हातारा मान खाली घालून उभा राहिला.

आणि देवळाची घंटा वाजली. दोरीला कुणाचा हात नव्हता. उपासना चालवणारे पाळकसाहेब देवळाच्या पायरीवरच होते, ते सांगतात की वाराही नव्हता. ती वाजावी असं कुणी मागितलं नव्हतं, तिनं कुणाचे पाय ओढले नाहीत. बायकांनी दूध उतरवलं, हात धुतले. काही जण निघाले, काही घरीच थांबले.

दार उघडलं. तबीथानं लेकरू म्हाताऱ्याच्या हातात दिलं.

"धरा याला. मी लुगडं बदलून येते, मग जाऊ. पण गाणार मी माझ्याच सुरात."

"गा," शांतवन म्हणाला, आणि नातवाकडे बघत रडू लागला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या मनाविरुद्ध त्याला ओढून आणते ती जादू वाईटच, मग ती देवळात का वाजेना. देवाची करणी बोलावते, पण दार उघडायचं आपल्यावर सोडते.