बाबांच्या वेगाचा लॅपटॉप

आमची शर्वरी आणि ओजस शाळेत जात नाहीत. त्यांना मी घरीच शिकवतो. दोघांसाठी दोन स्वस्त लॅपटॉप घ्यायला आम्ही सांगलीत नेमचंदशेठच्या दुकानात गेलो. शेठनी सगळ्यात महागडा पुढे ठेवला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्ही शिकलेसवरलेले दिसता. मुलांच्या शिक्षणात कंजुषी करू नका. स्वस्तातला फार हळू चालतो, मुलांना सारखं थांबावं लागेल."

'शिकलेसवरलेले' ऐकून मी असा फुगलो की दोघांत मिळून तो एकच महागडा घ्यायला तयार झालो. त्यावरून घरात रोज मारामाऱ्या झाल्या असत्या, ते निराळं.

तेवढ्यात शर्वरी शांतपणे म्हणाली, "काका, आम्हाला थांबायची सवय आहे. अपूर्णांक शिकवायचे असले की बाबा आधी आतल्या खोलीत जाऊन स्वतः शिकून येतात. तुमचा लॅपटॉप कितीही जोरात पळाला, तरी त्यालासुद्धा आमच्याबरोबर बाबांची वाट बघत बसावं लागेल."

दुकानातली माणसं हसू लागली. शेठनी स्वस्तातले दोन लॅपटॉप काढले. मला लेकीचा फार अभिमान वाटत होता, पण तो चेहऱ्यावर दाखवायची सोय तिने ठेवली नव्हती.