चाळीस जोड्यांचा नाद

ज्याच्या कृपेने मुक्या धातूला कंठ फुटतो आणि ज्याचे नाम घेऊन तो कंठ सार्थकी लागतो, त्या नादरूप श्रीहरीला साष्टांग नमस्कार. श्रोतेहो, घटकाभर चित्त द्यावे.

“मग बोलणार ना, बुवा? फार नको. दोन वाक्यं पुरेत.”

हेरंब ओतारी हे तिसऱ्यांदा विचारत होता. निरांजन धरावे तसा त्याने फोन अच्युतबुवांच्या मुखापुढे धरला होता.

बुवा मठाच्या ओसरीवर बसून तुळशीची माळ ओवत होते. खाली कृष्णेचे पात्र संथ होते.

“काय बोलू?”

“की ओतारींचे टाळ उत्तम आहेत. वेबसाइटच्या पहिल्या पानावर घालतो. आपला चेहरा, आपला आवाज, खाली आपलं नाव.”

“चेहरा घालायचा तर आधी दाढी तरी करू दे त्यांना,” आतून गोदाक्का म्हणाली. मठाचा स्वयंपाक आणि बुवांचे पथ्यपाणी तिच्याकडे होते. मध्ये बोलण्याचा अधिकार मात्र तिने आपला आपणच घेतला होता.

हेरंब हसला. या ओसरीवरच तो लहानाचा मोठा झाला होता, भजनात पहिला टाळ त्याने इथेच धरला होता. काशाचे टाळ ओतणे हा त्याच्या घराण्याचा उद्योग. वडील आबाजी वैकुंठवासी झाल्यावर त्याने पेठेतले दुकान बंद केले आणि संकेतस्थळ उभारले. ते देखणे उभारले, हे कबूल केले पाहिजे. टाळांच्या चाळीस जोड्या, प्रत्येकीचे स्वतंत्र पान, चारी बाजूंनी घेतलेली छायाचित्रे. कोणी नुसते ‘टाळ’ म्हणून शोधले तरी पहिले नाव ओतारींचे यावे, अशी व्यवस्था. वर जाहिराती.

“हजारो लोक बघतात, बुवा.”

“छान.”

“पण…”

“हं?”

“गेल्या महिन्यात सहा जोड्या परत आल्या. कारण सगळ्यांचं एकच. म्हणे, आवाज पटला नाही.” हेरंबने फोन खाली घेतला. “लोकांचा अजून विश्वास बसत नाही, दुसरं काय! नवं नाव आहे. आपले दोन शब्द पुढे असले की बसेल. पेठेतलं दार मी बंद केलं, बुवा. हे एकच दार उरलंय. हे चाललं नाही तर भट्टी विझवावी लागेल.”

बुवांनी सुईत दोरा ओढून घेतला.

“उत्तम म्हणायला माझी ना नाही. पण मी ते ऐकले कुठे आहेत?”

“ऐकायचीच तर सोय केली आहे!” हेरंब उत्साहाने पुढे सरकला. “प्रत्येक जोडीच्या चित्राखाली बटण आहे. दाबलं की नाद येतो. अशी सोय कोणाकडेच नाही.”

“माझे डोळे आता चित्राला नाहीत. कानाशी धर.”

हेरंबने बटण दाबले.

नाद आला. सुरेल, भरीव, आणि विरतानाही अंगावर मायेचा हात फिरावा तसा.

बुवांचे हात थांबले.

“पुढचा.”

पुढचा वाजला.

“त्याच्या पुढचा…”

असे सात झाले. बुवांनी डोळे मिटले होते.

“किती जोड्या म्हणालास?”

“चाळीस.”

“मला तर एकच ऐकू येते.”

हेरंबच्या अंगावर काटा आला. त्याने फोन मांडीवर ठेवून हात जोडले.

“बुवा… चाळिसांत एकच नाद! काय बोललात! हेच वाक्य. याच्यापुढे दुसरं काही नको. थांबा, रेकॉर्ड करतो, पुन्हा एकदा तसंच डोळे मिटून…”

बुवा हसू लागले. ते हसू इतके वाढले की त्यांना ठसका लागला आणि गोदाक्काला पाण्याचा तांब्या घेऊन धावावे लागले.

“अरे वेड्या, मी ब्रह्माचं नाही बोलत. खरोखरच एक आहे.”

…

हेरंबचा चेहरा उतरला. गोदाक्का तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“बाबांनी ओतलेली शेवटची जोडी आहे ती,” तो हळू आवाजात म्हणाला. “घरी देव्हाऱ्यापाशी असते. तिचा नाद एकदाच घेतला, तो सुरेख आला. बाकीच्यांचा घ्यायला बसलो की कधी भट्टीचा भाता, कधी रस्त्यावरचे हॉर्न. मग तोच सगळ्यांच्या खाली लावला. चित्रं मात्र ज्याची त्याची आहेत, बुवा.”

“चित्र कोण वाजवतो रे?” गोदाक्का म्हणाली.

“फसवायचं मनात नव्हतं.”

“माहीत आहे,” बुवा म्हणाले. त्यांनी हेरंबच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. “तुझ्या बाबांकडे मी पहिल्यांदा टाळ घ्यायला गेलो, तेव्हा मला त्यांनी रिकाम्या हाताने घालवलं. म्हणाले, तुमचा गळा जड आहे, या जोड्या उतावळ्या आहेत, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात गेलो, तर पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला जोडी मिळाली.”

“पण बाबांचं गिऱ्हाईक समोर उभं असायचं, बुवा! माझं गिऱ्हाईक मला दिसतच नाही.”

“मलाही देव दिसत नाही. म्हणून नैवेद्य आळणी ठेवू?”

हेरंबने मांडीवरचा फोन खिशात घातला.

नदीवरून एक टिटवी ओरडत गेली.

“दारात गाडी आहे तुझी, तिच्यात काय आहे?” बुवांनी विचारले.

“वीस जोड्या. कोकणातल्या एका भजनी मंडळाच्या. त्यांचा नामसप्ताह पंधरा दिवसांवर आहे. पार्सल आज गेलंच पाहिजे.”

“त्यांनी काय ऐकून मागवल्या?”

हेरंब उठला, गाडीतून खोके आणले आणि ओसरीवर उघडले.

गाभाऱ्यात शांतता होती. तिथे बसून तो एकेक जोडी वाजवू लागला. शेजारी फोन ठेवून त्याने ज्या त्या जोडीचा नाद टिपून घेतला. बुवा उंबऱ्याशी बसले होते. जे सुचेल ते ते सांगत होते आणि हेरंब लिहून घेत होता.

“हा पहाटेचा. काकड आरतीला न्यावा.”

“हा तरणा आहे. म्हाताऱ्याच्या हाती दिलास तर म्हातारा पळत सुटेल.”

“हा घरचा. देव्हाऱ्यापुढे दोन माणसांत शोभेल.”

एक जोडी वाजली आणि तिचा नाद विरता विरेना.

“ही माझ्या सासूबाईंसारखी आहे,” गोदाक्का म्हणाली. “एकदा बोलायला लागली की आवरत नाही.”

“तेच लिही रे,” बुवा म्हणाले.

एकोणीस झाल्या. विसावी जोडी वाजली.

बुवांनी कान पुढे केला.

“पुन्हा वाजवू?”

“नको. बद्द आहे.”

हेरंबने त्या टाळांवरून अंगठा फिरवला. एका वाटीच्या कडेला केसाएवढी चीर होती. छायाचित्रात ती दिसली नव्हती.

मग त्याने फोन उघडला आणि चाळीस पानांवरचा तो सुरेल नाद एकामागून एक काढून टाकला. चाळीसही पाने मुकी झाली. त्यानंतर त्याने मंडळाच्या प्रमुखांना फोन लावला. त्यांचे नाव महादेव घाग. त्यांचा आवाज इतका मोठा होता की तो साऱ्या ओसरीला ऐकू गेला.

“बोला ओतारी! पार्सल निघालं का?”

“नाही निघालं. घागकाका, एक सांगायचंय. वेबसाइटवर तुम्ही जो नाद ऐकलात, तो या टाळांचा नाही.”

“म्हणजे? फसवलंत की काय आम्हाला?”

“होय.”

गोदाक्काने पदर तोंडाशी नेला.

“…चांगलंय,” घाग म्हणाले. “पंधरा दिवसांवर सप्ताह, आणि हे आज सांगताय. आता मी वीस माणसांच्या हातात काय देऊ, नारळाच्या करवंट्या?”

“यांचा खरा नाद ऐकवतो. पटला तर पाठवतो. नाही पटला तर दुसरीकडे चांगले कुठे मिळतील, तेही सांगतो.”

“…ऐकवा.”

एकोणीस जोड्या पुन्हा वाजल्या. मध्ये मध्ये घाग ‘हं’ म्हणत होते. एकदा ‘अरे वा’ म्हणाले. ते कोणत्या जोडीला म्हणाले, हे हेरंबने बाजूला टिपून ठेवले.

“सुराला एक खाली, एक वर आहेत खरे,” शेवटी घाग म्हणाले. “पण आमची माणसं तरी कुठे एका मापाची आहेत? पाठवा. आणि विसावा?”

“तो बद्द आहे.”

“असू दे हो, तोही घाला त्यातच. आमच्यात एक विठूतात्या आहेत, नव्वदीचे. दोन्ही कानांनी ठार बहिरे. मागच्या रांगेत उभे असतात. त्यांच्या हातात देऊ. त्यांना काय कळतंय!”

हेरंबने हातातल्या टाळांकडे पाहिले. हो म्हणणे किती सोपे होते. मागणारा स्वतः मागत होता, खोके उघडेच होते, गाडी दारात उभी होती.

त्याने बुवांकडे पाहिले. बुवा उंबऱ्यावरून उठून ओसरीवर गेले होते आणि पाठमोरे बसून माळ ओवत होते.

“नाही, काका,” हेरंब म्हणाला. “त्यांना तर नकोच.”

“अहो पण त्यांना ऐकूच येत नाही!”

“म्हणूनच नको. त्यांच्यासाठी नवी जोडी ओततो. सप्ताहाच्या आधी मी स्वतः घेऊन येईन. त्यांचे हात कसे आहेत? थरथरतात का?”

“…थरथरतात थोडे.”

“मग वजनाला हलकी करतो.”

घागांचा आवाज आता लहान झाला होता.

“या. जेवायलाच या.”

फोन बंद झाला. हेरंबने एकोणीस जोड्या पुन्हा खोक्यात बांधल्या, प्रत्येकीसोबत तिची चिठ्ठी ठेवली आणि गाडीत नेऊन ठेवल्या. परत येऊन तो बुवांच्या पाया पडला.

“निघतो, बुवा. चाळीस पानं नव्यानं करायची आहेत. आठ दिवस लागतील, तोवर दार बंदच. सकाळी मी जे मागायला आलो होतो, ते आता मागत नाही.”

“थांब. धर तो फोन.”

“कशाला?”

“धर म्हणतो ना.”

गोदाक्का पुढे झाली आणि तिने बुवांचे उपरणे नीट केले. हेरंबने फोन धरला.

बुवांनी समोर पाहिले. घसा साफ केला.

“मी अच्युत. हा आबाजी ओतारींचा हेरंब. आज याने एका बहिऱ्या माणसाला बद्द टाळ विकला नाही.”

॥ ज्यांनी हे ऐकले, ज्यांनी हे वाचले, त्या सर्वांच्या घरी देवापुढचा दिवा तेवत राहो, चूल पेटती राहो, हाताला काम आणि मुखी नाम राहो. आणि त्यांच्या दारी येणारा प्रत्येक जण तृप्त होऊन जावो. ॥