गलाईवाल्याची दीक्षा

“घर सोडायचं म्हणतोस... ते कुठलं?”

रेवणबुवांनी असं विचारलं तेव्हा हिंदुराव चमकलाच. गावामागच्या डोंगरावर बुवांचा लहानसा मठ होता. तिथं तो दीक्षा मागायला आला होता, आणि असल्या प्रश्नाची त्यानं तयारी केली नव्हती.

“कुठलं म्हणजे? खालचं, बुवा. गावातलं.”

“बरं.”

बुवा पुन्हा शेंगा फोडू लागले.

म्हाताऱ्याला आपला निर्धार दिसला नाही, असं हिंदुरावाला वाटलं. तो जरा तोऱ्यातच म्हणाला, “मला सोडणं जड नाही, बुवा. विसाव्या वर्षी घर सोडलं. लग्नाला चार महिने झाले होते, पण घरात दोन वेळा चूल पेटत नव्हती. मदुराईला गलाईच्या कामाला गेलो. एकतीस वर्षं भट्टीपुढं बसून लोकांचं सोनं वितळवलं, शुद्ध केलं. भाषा कळत नव्हती, जेवण घशाखाली उतरत नव्हतं. सगळं सोडून राहिलो.”

त्यानं हात पुढं केले. ॲसिडनं बोटांची टोकं कायमची पिवळी पडली होती.

बुवांनी बोटं नीट पाहिली.

“मग आता काय झालं?”

काय झालं, ते सांगण्यासारखं तसं काहीच नव्हतं.

घरी येऊन दोन महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्याची बायको शेवंता त्याला एक उणा शब्द बोलली नव्हती. पहिल्याच सकाळी तिनं विचारलं होतं, “चहात साखर किती घालू?” ताट वाढायची तेही पाहुण्याला वाढावं तसं. स्वतः मात्र त्याच्या आधीच, चुलीपाशी बसून जेवून घ्यायची. इतकी वर्षं एकटीच जेवत आलेली बाई.

विसाव्या दिवशी तिनं लाडू वळायला घेतले. दर सुट्टीला तो वीस दिवस राहायचा, आणि निघताना लाडवांचा डबा बरोबर असायचा.

“अगं, मी आता जाणार नाही,” तो म्हणाला होता. “कायमचा आलोय.”

तिचे हात थांबले. मग तिनं ते पदराला पुसले.

“बरं,” ती म्हणाली.

उरलेलं पीठ संध्याकाळपर्यंत तसंच परातीत होतं.

हे सगळं त्यानं बुवांना अडखळत सांगितलं. “तिला माझी सवयच नाही, बुवा. मी असलो काय, नसलो काय. म्हणून म्हणतो, मला इथं ठेवून घ्या.”

“सगळे मिळून किती दिवस राहिलास तिच्याजवळ?”

हिंदुरावानं मनातल्या मनात जुळवून पाहिलं. लग्नानंतरचे चार महिने. मग वर्षाला वीस दिवस. काही वर्षं तर आलाच नव्हता. पुरती दोन वर्षं काही भरेनात.

तो खाली बघत बसला.

“तुमचं पोर वारलं त्या साली तू आला नव्हतास,” बुवा म्हणाले.

“लग्नसराई होती...” हिंदुराव म्हणाला. “तार चार दिवसांनी हातात पडली. येऊन तरी काय करणार होतो? शेठनं सोडलं नसतं.”

खालच्या रानातून कुणीतरी बैलाला हाकारत होतं.

“विचारलंच नाही मी शेठला.”

हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. शेवंतालाही नाही.

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“त्या साली ती इथं आली होती.”

“शेवंता?”

“ऐन पंचविशीतली पोर. रडत नव्हती. तू मागतोयस तेच मागत होती.”

“मग... तुम्ही काय म्हणालात?”

“परत पाठवली. म्हटलं, तुझा माणूस परमुलखात राबतोय. तो आला की दार कुणी उघडायचं?”

“योग्यच सांगितलंत, बुवा!” हिंदुराव पटकन म्हणाला.

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की हिंदुरावाला आपलेच शब्द कानात टोचू लागले.

“मला तेव्हा तेवढंच कळत होतं,” बुवा म्हणाले.

गुडघ्यावर हात टेकून ते उठले, आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात भगवी छाटी होती. फार वर्षं घडी न मोडल्यामुळं तिच्या कडा विटल्या होत्या.

हिंदुराव गहिवरला. त्यानं वाकून दोन्ही हात पुढं केले.

बुवांनी छाटी त्याच्या हातावर ठेवली.

“ही तिच्यासाठी काढली होती, दिली नाही. तिला नेऊन दे. विचार, अजून यायचं आहे का...”

हिंदुरावानं हातातल्या छाटीकडे पाहिलं.

“आणि मी, बुवा?”

“तू घरी थांब.”