तिवड्याजवळचा बैल

सोनवटगड बांगडीसारखा गोल होता आणि त्याच्या पोटात तसाच गोल बालेकिल्ला. न्याय म्हणजे सगळ्यांना एकच माप, असं किल्लेदार रंभाजीरावांचं ठाम मत. असणारच, त्यांचे गुडघे अजून धड होते! त्यांनी हुकूम काढला, "तरणा असो की म्हातारा, प्रत्येक पहारेकऱ्याने रोज तटाच्या पाच फेऱ्या घालाव्यात. ज्याला जमणार नाही त्याने गड उतरावा."

सटवाजीची सारी हयात पहाऱ्यात गेली होती, पण आता तिसऱ्या फेरीलाच त्याचे गुडघे ऐकेनासे होत. शेवटी त्याची बायको ठकूबाई सदरेवर आली.

"आमच्या धन्यांना आतल्या तटाचा पहारा द्या, सरकार. पाच फेऱ्या तेही घालतील."

रंभाजीराव हसले. "बालेकिल्ला आरपार निम्मा, म्हणजे त्याचा घेरही निम्माच. बाकीच्यांनी दुप्पट चालायचं? हा कुठला न्याय?"

"खळ्यावरचा, सरकार. मळणीला आम्ही बैल एका ओळीत जुंपतो. म्हातारा मधल्या खांबाशी, तिवड्याशी बांधतो आणि तरणा बाहेरच्या कडेला. फेऱ्या दोघांच्या सारख्याच भरतात, चाल मात्र ज्याच्या त्याच्या पायांना झेपेल एवढी."

"आणि तो तरणा कुरकुरत नाही?"

"कशाला कुरकुरेल, सरकार? एक दिवस त्यालाही तिवड्याशीच यायचं असतं."

रंभाजीरावांचा हात नकळत आपल्याच गुडघ्यावर गेला. मग त्यांनी बालेकिल्ल्याच्या किल्ल्या काढून ठकूबाईच्या ओंजळीत ठेवल्या.