वेणूच्या भाकरीत मिसळलेली कणीक

फार फार पूर्वीची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात गोजरा नावाची कुंभारीण राहत होती. तिची लहानगी वेणू हुशार होती, पण तिला गहू सोसत नसे. गव्हाचा घास पोटात गेला, की पोर कळवळायची आणि कितीतरी दिवस अंथरुणाला खिळायची.

म्हणून गोजरानं घरात गहू आणणंच सोडलं. जातं वेगळं, तवा वेगळा. ज्वारीच्या पिठात ती थोडी नाचणी घालायची आणि पीठ कढत पाण्यात मळायची, कारण त्याला गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरी थापली, की वर बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि तीळ बोटांनी दाबून बसवायची. कडेनं तेल सोडलं, की खमंग वासानं शेजारची पोरंही दारात जमायची.

गावच्या पाटलीणबाईंना आपल्या पंगतीचा भारी अभिमान. नातवाच्या बारशाला त्यांनी सगळं गाव जेवायला बोलावलं. गोजरा वेणूची भाकरी फडक्यात बांधून आली, तर बाईंनी तिला दारातच अडवलं.

"माझ्याकडे जेवायला येताना घरची भाकरी? अगं, लोक काय म्हणतील मला?"

"बाई, पोरीला गहू चालत नाही. राग मानू नका."

"मग मी करते की ज्वारीची! तुझ्यासारखीच, कांदा-मिरची लावून. आण ते फडकं इकडे."

गोजरानं विश्वासानं फडकं दिलं.

चुलीपाशी मात्र बाई फणकारल्या, "गहू चालत नाही म्हणे! कुंभाराच्या पोरीला कसले हे नखरे?" आणि त्यांनी ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक मिसळली.

वेणू आवडीनं जेवली. शेवटचा तुकडा उरला, तेव्हा बाई भर पंगतीत मोठ्यानं म्हणाल्या, "बघा रे! कणीक होती त्यात. झालं का काही पोरीला?"

पंगत हसली. गोजरानं वेणूच्या ताटातला तुकडा उचलला. तो मोडेना, गव्हाच्या पोळीसारखा नुसता ताणला जात होता.

दिवस मावळायच्या आत वेणू पोट धरून जमिनीवर लोळत होती. वैद्यानं शर्थ केली. पोर वाचली, पण हाडांवर फक्त कातडं उरलं.

तेव्हा गोजरा पाटलांच्या ओसरीवर गेली. तिथं पाटलीणबाई आणि पंगतीतलीच चार माणसं बसली होती. तिनं कुणाचीच भीड धरली नाही.

"बाई, मी तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं. माझी भाकरी मी आणली होती. ती काढून घेऊन तुम्ही माझ्या लेकराला फसवून खाऊ घातलंत!"

"इतकं होईल हे मला काय ठाऊक?"

"मी सांगितलं होतं! तुम्हाला ऐकायचं नव्हतं. मला खोटं पाडायला तुम्ही पोरीचं पोट वापरलंत. आणि तुम्ही," ती माणसांकडे वळली, "तुम्ही सगळे हसलात!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी ज्वारीची टोपली पाठवली, ती गोजरानं आल्या पावली परत धाडली.

वेणू हळूहळू सावरली. पण एके सकाळी गोजरानं तव्यावरची भाकरी तिच्यापुढे ठेवली, तर पोरीनं हात मागे घेतला.

"आई, यात कणीक नाही ना?"

आईलाच विचारलं तिनं. गोजराचा राग त्यानंतर कधीच निवला नाही.

आणि पाटलीणबाईंच्या पुढच्या पंगतीत त्या ज्याच्या ताटापुढे वाकत, तो घास उचलण्याआधी विचारी, "बाई, यात काय काय घातलंय?"

तात्पर्य : खाणाऱ्याचं दुखणं खोटं ठरवून त्याला फसवून वाढलेलं अन्न हा पाहुणचार नव्हे, तो घात आहे.