दोन उच्चारांचे अक्षर

त्या राज्यात अक्षरे चित्रांसारखी काढली जात, आणि एकाच अक्षराचे दोन-दोन उच्चार असत. त्यांतले एक अक्षर फार जुने होते. ‘वेन’ असे वाचले की त्याचा अर्थ विचारणे, ‘मून’ असे वाचले की सोसणे. कुठे काय वाचायचे हे मजकुरावरून कळे. मजकुरावरूनही कळेना, तर तावेईला विचारत.

तावेई ही दरबारची वाचक. प्रजेचे अर्ज राजापुढे मोठ्याने वाचायचे हे तिचे काम. चाळीस वर्षांत तिचा एक उच्चार चुकला नव्हता.

एका वर्षी उत्तरेची खाण ढासळली. शेकडो माणसे आत राहिली आणि लोक फार विचारू लागले. तेव्हा अर्थमंत्र्याने, म्हणजे शब्दांचे अर्थ ठरवणाऱ्या मंत्र्याने, तावेईला बोलावून घेतले.

“एका अक्षराचे दोन उच्चार म्हणजे नुसता घोळ, बाई. यापुढे फक्त ‘मून’. ‘वेन’ हा अडाण्यांचा अपभ्रंश आहे, एवढे लिहून द्या.”

“सरकार, ‘वेन’च आधीचा. देवळातल्या शिळेवर...”

“ती शिळा काल काढली.” मंत्र्याने दौत पुढे सरकवली. “तुमचा जावई खाणीतून जिवंत वर आला, नाही का? फार बोलत होता, म्हणून आमच्याकडे ठेवला आहे.”

तावेईने लिहून दिले. एक उच्चार गेला म्हणून अक्षर थोडेच मरते, अशी तिने मनाची समजूत घातली. संध्याकाळी जावई घरी आला. तो पुन्हा खाणीविषयी बोलला नाही.

शाळांतून मुले ‘मून’ घोकू लागली. चुकून ‘वेन’ म्हणणाऱ्याला पोरे आधी हसत, पुढे पुढे मास्तर छडी मारू लागले. एकदा तावेईच्या तोंडून तो उच्चार निसटला, तर नात म्हणाली, “आजी, असा शब्दच नाहीये.” तावेई भरल्या ताटावरून उठली.

नवव्या वर्षी खाणीकडच्या बाया पायी चालत राजधानीत आल्या. त्यांचा अर्ज तावेईच्या हातात आला. तिने तो मनात वाचला: आमची माणसे खाणीत राहिली. आम्ही विचारतो. वर्षानुवर्षे विचारतो. मेलो तरी विचारू.

तिने मान वर केली. मंत्री तिच्याकडेच पाहत होता.

“आमची माणसे खाणीत राहिली,” तावेईने खणखणीत आवाजात वाचले. “आम्ही सोसतो. वर्षानुवर्षे सोसतो. मेलो तरी सोसू.”

राजाचे डोळे पाणावले. “धन्य त्या माउल्या!” तो म्हणाला, आणि त्याच्या हुकुमाने तिथेच प्रत्येकीच्या अंगावर शाल घातली गेली.

सगळ्यांत म्हातारी बाई, कोरेन, तावेईपाशी आली. “बाई, आम्ही लिहिलं काय अन् तुम्ही वाचलं काय?” ती हळूच म्हणाली. मग राजाकडे वळून तिने बोलायला तोंड उघडले.

तावेई लगबगीने पुढे झाली. तिने कोरेनच्या अंगावरची शाल मायेने सारखी केली, आणि तिचे टोक हनुवटीवरून वर ओढून घेतले, ओठ झाकेपर्यंत.