पहिला डाव बोंबेचा

देवझरी संस्थानात बाजाराच्या वाटेवर बायकांची छेड काढणारे टवाळ फार माजले होते. महाराजांनी हुकूम सोडला, "बायकांना स्वतःचा बचाव करायला शिकवा!"

राजवाड्यातले बाळोजी वस्ताद मिशीला पीळ देत म्हणाले, "आधी वर्षभर जोर-बैठका. डाव त्यानंतर."

"आणि तोवर टवाळांना काय थांबा म्हणायचं?" मुलींच्या शाळेच्या मास्तरीण सगुणाबाई म्हणाल्या. "माझ्या शिकवणीत पहिल्याच दिवशी बोंब मारायची."

"बोंब? हा काय शिमगा आहे?" वस्तादांनी भर दरबारात त्यांचं मनगट आवळलं. "सुटून दाखवा बघू!"

सगुणाबाईंनी मोकळा हात तोंडावर नेला आणि अशी बोंब ठोकली, की देवडीवरचे पहारेकरी धावत आत आले. बाईमाणसाचा हात धरलेला दिसताच त्यांनी वस्तादांना आडवं केलं आणि चौघे त्यांच्या छाताडावर बसले.

"आता तुम्ही सुटून दाखवा," सगुणाबाई मनगट चोळत म्हणाल्या.

वस्तादांनी येतील तेवढे डाव करून पाहिले. शेवटी ते ओरडले, "महाराज, वाचवा!"

"बघा महाराज," सगुणाबाई म्हणाल्या, "वर्ष कशाला हवं? वस्तादांचासुद्धा पहिला धडा आजच पाठ झाला!"